एक पडला की सगळ्यांनी पडायचं

गेल्या महिन्यात मी पडले. फार काही नाही. गच्चीत कपडे वाळत घालायला गेले, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि बसकण मारली. पण ऐंशीच्या घरातली बाई पडली की घरादाराच्या तोंडचं पाणी पळतं. मुलगा धावला, सून धावली, खालच्या मजल्यावरचे शेजारी हातात टॉर्च घेऊन धावले, तेही भर दुपारी. कोणी उचललं, कोणी पाणी दिलं, कोणी डॉक्टरांना फोन लावला. सगळं निवल्यावर सून म्हणाली, "आई, हाक का नाही मारलीत? नुसत्या बसून काय राहिला होतात?"

तिला काय सांगणार? मी वाट बघत बसले होते. आपण पडलो आहोत, आता आणखी कोण कोण पडतं ते बघत होते. आणि एवढी माणसं धावत आली, पण त्यातलं एकही पडलं नाही. हे बोलून दाखवलं असतं तर पायाबरोबर माझ्या डोक्याचाही फोटो काढून आणला असता, म्हणून गप्प राहिले. पण त्या दिवसापासून उखाभाऊ डोक्यातून जात नाहीत. ते असते तर पडले असते.

साठ सालानंतरची गोष्ट. मी जळगावची. बालशिक्षणाचा कोर्स करून धुळ्याला एका शाळेच्या बालवर्गावर रुजू झाले होते. पांझरा नदीच्या बाजूला शाळा, मागच्या अंगाला बालवर्गाच्या दोन खोल्या आणि पुढे काटेरी तारेचं कुंपण घातलेलं अंगण. मदतीला एक बाई होत्या. त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि त्या गेल्या. तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, मला म्हणाल्या, "दुसरी बाई मिळेपर्यंत उखाभाऊंना पाठवते. चार दिवस सांभाळून घ्या."

उखाभाऊ म्हणजे हायस्कूलच्या मुलांचे कवायतीचे मास्तर. मूळचे पहिलवान. दाराच्या चौकटीत मावायला त्यांना जरा तिरकं व्हावं लागे. मान नावालाच होती, आणि मिशांची निगा अशी की खिशात कंगवा असे तो केसांसाठी नव्हे. कुस्ती सोडली ती गुडघ्यामुळे. चालताना उजवा पाय नेहमी थोडा उशिरा यायचा. माणूस गर्विष्ठ, हेकट आणि स्वतःच्या दुधावर फार प्रेम करणारा. डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेजारी दुधाचा तांब्या. त्या तांब्याला हात लावायची मोठ्या बाईंचीही टाप नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी बालवर्गाच्या दारात उभं राहून शिट्टी वाजवली. मोठ्या पोरांना मैदानात गोळा करायला वाजवत, तशीच. क्षणभर सगळं चिडीचूप झालं, आणि मग अख्ख्या वर्गानं एकदम गळा काढला. एकदोघांच्या चड्ड्या ओल्या झाल्या. उखाभाऊंचा चेहरा असा उतरला की मला मुलांपेक्षा त्यांचीच दया आली. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली, माझ्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि वर्गाच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसले. बसले तरी मुलांपेक्षा उंचच. एक धीट कार्टं रडता रडता जवळ गेलं आणि मिशा खऱ्या आहेत का म्हणून त्यानं एक मिशी ओढून पाहिली. उखाभाऊ "ओय ओय" करत आडवे झाले ते पार कडेच्या भिंतीपर्यंत गडगडत गेले. रडं थांबलं. दुसरी मिशी ओढायला रांग लागली.

ती शिट्टी त्यांनी बालवर्गात पुन्हा कधी वाजवली नाही. आणि ते चार दिवसही कधी संपले नाहीत, कारण मोठ्या बाई दुसरी बाई शोधायचं विसरल्या, की विसरल्यासारखं केलं, ते त्यांनाच माहीत.

आमची कामाची वाटणी आपोआप झाली. बोटं माझी, अंगं त्यांची. मी मुलांकडून मणी ओवून घ्यायची, कागद फाडून घ्यायची, चिकणमातीचे गोळे वळून घ्यायची, कापसाच्या बोंडातली सरकी चिमटीनं सोडवून घ्यायची. चालणं, उड्या मारणं, चढणं, उतरणं, फेकणं, झेलणं हे उखाभाऊंकडे. अंगणात रांगोळीची रेघ ओढून ते त्यावरून मुलांना चालवत, हातात पाण्यानं भरलेली लोटी देऊन. पाणी न सांडता पोचलं की ते कडुनिंबाच्या रोपाला घालायचं. त्या रोपाला सुरुवातीला फारसं काही मिळत नसे, सगळं रेघच प्यायची.

आणि एक होतं, सदऱ्याची बटणं. उखाभाऊ रोज सकाळी सदरा उघडा टाकून यायचे. "बोटं जाड शेतस ना मन्ही, काजात जातस नही," असं तोंड पाडून सांगायचे आणि उकिडवे बसून मान वर करायचे. मग कोणी ना कोणी चिमुरडं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून एकेक बटण लावून द्यायचं. मला बरेच दिवस खरं वाटलं होतं. एकदा संध्याकाळी हौदावर हातपाय धुऊन ते सदरा घालत होते. एका हातानं, दुसऱ्या हातात तांब्या धरून, खाली न बघता त्यांनी सगळी बटणं लावली. मी पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं. मिशीला पीळ देत म्हणाले, "बाई, हे पोरांना सांगायचं नाही."

माझ्याशी आणि मोठ्या बाईंशी ते असं नीट मराठी बोलत. मुलांशी मात्र अहिराणी. धुळ्याच्या घराघरातली ती भाषा. मुलं त्यांच्याजवळ लवकर गेली त्याचं ते एक कारण असणार. मला चिडवायचं असलं म्हणजेही अहिराणी. "जळगावनी बाई शे, धूळ लागी जाई तिले," असं मुलांना सांगत, आणि मुलं माझ्या लुगड्याची धूळ झटकायला धावत.

पण त्यांचा खरा विषय वेगळाच होता. ते पडायला शिकवत.

एके दिवशी त्यांनी आपल्या जुन्या आखाड्यातून हातगाडीभर तांबडी माती आणली, तेल-ताक पाजलेली, लोण्यासारखी मऊ. अंगणाच्या कोपऱ्यात ती पसरली. रोज सकाळी मुलांनी चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि मग पडायचं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं. "हात पहिले, मंग ढुंगण, डोकं कधीच नही," हा त्यांचा पाठ मुलं तालावर म्हणत. आया फ्रॉक घेऊन शाळेत यायला लागल्या. एक म्हणाली, "शिकवा काय शिकवायचं ते, पण हा रंग कशानं जाईल तेवढं सांगा." उखाभाऊ शांतपणे म्हणाले, "जात नाही तो, ताई. माझा पण गेला नाही."

मूल पडलं की ते कधी उचलत नसत. माझा हात पटकन पुढे जायचा. आईबापांची लेकरं, उद्या काही झालं तर जबाब मला द्यायचा होता. "बाई, थांबा," एवढंच ते म्हणायचे. मग मुलाजवळ जाऊन खाली वाकून, जसं काही ते मूल मोठ्या कामात आहे, अशा आवाजात विचारायचे, "काय म्हनस जमीन?" मूल गोंधळायचं, रडायचं विसरायचं. "जमीन आपलीच शे," ते सांगायचे, "आते ऊठ." आणि मूल उठायचं. मी त्यांच्याशी यावरून पुष्कळ भांडले. एकदा एका पोराचं कोपर चांगलंच सोललं, तेव्हा मी आठवडाभर अबोला धरला होता. त्यांनी हळद लावली, पण उचललं नाही ते नाहीच.

मोठ्या माणसांत बसले की उखाभाऊ जिंकलेल्या कुस्त्या सांगत. एरंडोलला कोणाला चीत केलं, कुठून फेटा मिळाला, कुठे मिरवणूक निघाली. मुलांना मात्र हरलेल्याच सांगत. पहूरच्या यात्रेत एका किडकिडीत गड्यानं आपल्याला कसं उलटं केलं, आभाळ कसं दिसलं, लोक कसे हसले, हे ते इतक्या आनंदानं सांगत की मुलं म्हणत, "भाऊ, अजून एकदा पडा." मग ते अजून एकदा पडत.

कमल आमच्याकडे आली ती दिवाळीनंतर. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या शेठची मुलगी. राजस्थानातून येऊन या घराला धुळ्यात पिढ्या झाल्या होत्या. मोठ्या तापानंतर तिच्या डाव्या पायातलं बळ गेलं होतं. चालायची, पण पाय कधी दगा देईल याचा नेम नसायचा. पहिल्याच दिवशी रेघेवर लोटी घेऊन निघाली आणि दोन पावलांत पालथी. मुलं हसली. मुलांचं हसणं वाईट नसतं, पण पडलेल्याला ते कसं कळावं? ती उठली नाही. तिथंच तोंड झाकून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी आणि उखाभाऊ दुकानावर गेलो. शेठनं गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि मग हात जोडले. "बाईजी, तुम्ही आलात, माझं घर पावन झालं. पण पोरीला नाही पाठवणार. घरात पडली तर आई पाहते. तिथं पडली तर सगळी दुनिया पाहते." आतल्या पडद्याआड बांगड्या वाजल्या, म्हणजे आई ऐकत होती. मी पाय कसा सुधारेल, व्यायाम कसा होईल वगैरे कोर्समध्ये शिकलेलं सगळं बोलून घेतलं. शेठ मान हलवत राहिले. मग उखाभाऊ म्हणाले, "शेठजी, उद्या एक दिवस पाठवा. तिचं हसं झालं तर मी शाळा सोडतो." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना शाळेशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः मुलीला घेऊन आले आणि कुंपणाशी उभे राहिले. कमल रेघेवर चालली. पुन्हा पाय दगा देऊन गेला, ती पडली. कोणीतरी फिसकन हसलं. आणि त्याच क्षणी उखाभाऊ, तो एवढा डोंगर माणूस, उभ्या जागी धाडकन खाली आला. कडुनिंबाचं रोपटंसुद्धा हललं. "मी बी पडनू!" ते जमिनीवरून ओरडले. "एक पडना का बठ्ठास्नी पडानं! चला!" मुलांना दुसरं काय पाहिजे होतं? दाणदाण सगळा वर्ग पडला. हात पहिले, मग ढुंगण. तांबड्या मातीत, रेघेवर, पायरीवर, जिथं होती तिथं. कमलनं मान वर करून पाहिलं. आजूबाजूला सगळेच तिच्याएवढ्या उंचीचे झाले होते. ती हसायला लागली. मग सगळे एकदम उठले, तिच्या वेळानं, कारण उखाभाऊंनी पुढचा नियमही तिथंच सांगून टाकला होता. पहिला पडलेला उठेपर्यंत कोणी उठायचं नाही.

कुंपणापलीकडे शेठ पाठ फिरवून उभे होते. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. कमल रोज यायला लागली.

नियम असा लागला की अंगवळणीच पडला. वर्गात कोणी पडलं की बाकीचे हातातलं टाकून पडत. माझे मणी घरंगळत कुठल्या कुठे जात. नियम शाळेबाहेरही गेला. एका लग्नाच्या पंगतीत आमचं एक पोर वाढप्याच्या पायात अडकून पडलं, तर पंगतीत इकडे तिकडे बसलेली आमची आणखी तीन-चार आडवी झाली, वरणभातासकट. तक्रारी आल्या. उखाभाऊंना त्या ऐकून असा अभिमान वाटायचा की मी हसू दाबायला दुसऱ्या खोलीत जात असे. एक मुलगा अमळनेरला मामाकडे जाऊन आला तो हिरमुसलेला. विचारलं तर ओठ काढून म्हणाला, "मामाना गावले मी पडनू. कोणीच पडनं नही." उखाभाऊंनी त्याला मांडीवर घेतलं.

आता ते स्नेहसंमेलन. त्या वर्षी पाहुणे म्हणून मोठे नामांकित गृहस्थ येणार होते. नाव नको. पांढरंशुभ्र धोतर, उपरणं, चांगले भरदार. बालवर्गाची मुलं दोन्ही बाजूंनी रांगेत, हातात झेंडूची फुलं, मधून पाहुण्यांनी यायचं आणि मुलांनी फुलं उधळायची, असं ठरलं होतं. पाहुणे आले. व्यासपीठाच्या पायरीवर अंथरलेल्या सतरंजीला चुणी पडली होती. त्यात पाय अडकला आणि पाहुणे चांगले हात टेकून पडले.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही रांगा कोसळल्या. फुलं वर उडाली, मुलं खाली. बिनचूक पडली, मी तरी त्यांना इतकं सुंदर पडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि पडून राहिली, पाहुणे उठायची वाट बघत. तेवढ्यात मागून हायस्कूलच्या पोरांचं हसू फुटलं, मग आयाबाया हसल्या, मग सगळं सभागृह. पाहुण्यांना वाटलं, पोरांनी आपली नक्कल केली. लालबुंद होऊन ते भाषण न करताच गेले. ते जात असताना कमल त्यांना म्हणाली, "लागलं नाही ना? आम्ही पण पडलो." ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

संस्थेच्या अध्यक्षांनी मोठ्या बाईंना बोलावून नाही नाही ते सुनावलं. मोठ्या बाई तशा दुष्ट नव्हत्या. त्यांनी उखाभाऊंना समोर बसवून सांगितलं, "पाहुण्यांची माफी मी मागते. तुम्ही एकच करा. उद्या वर्गात मुलांना सांगा, की काल केलं ते चुकलं, यापुढे असं करायचं नाही. एवढं केलंत तर बालवर्ग तुमच्याकडे राहील. नाहीतर मला तुम्हाला परत कवायतीवर घ्यावं लागेल." मी शेजारी बसले होते. मीही म्हटलं, "भाऊ, सांगून टाका. मुलं विसरून जातील."

ते "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा उघडा टाकून आले. मुलं मातीभोवती बसली होती. कमल पुढे सरसावली, तिनं बटणं लावून दिली. एक, दुसरं, तिसरं. उखाभाऊ मान वर करून आभाळाकडे बघत होते. मग उठून उभे राहिले, बोलायला तोंड उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं. मग खाली वाकून मातीची चिमूट कपाळाला लावली, वर्गात जाऊन खिळ्यावरची शिट्टी काढून गळ्यात घातली आणि बाहेर आले. दारात मला म्हणाले, "नाही सांगता येत, बाई. बरोबर केलं ना हो त्यांनी."

तेव्हापासून त्यांचं आणि बालवर्गाचं नातं कुंपणापुरतं राहिलं. त्यांच्या जागी एक हसतमुख बाई आल्या. माती उचलून नेली, तिथं शहाबादी फरशी बसली. मधल्या सुट्टीत उखाभाऊ तारेपलीकडे येऊन उभे राहत, कडुनिंब केवढा झाला ते बघायला आल्यासारखं करत. मुलं धावत, तारेतून हात घालत. मग घंटा वाजे आणि मुलं परत जात. ते थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, "या ना आत." ते म्हणाले, "नको बाई. आत आलो तर बाहेर कसा जाऊ?" त्यांच्या सदऱ्याची बटणं आता घरूनच लावलेली असत, अगदी गळ्यापर्यंत. ते पाहून मला दर वेळी गलबलून यायचं. कोणाला सांगणार, की मला एका माणसाच्या लावलेल्या बटणांचं वाईट वाटतं म्हणून?

त्यांची मुलं पहिलीत गेली, दुसरीत गेली. पहिलीच्या मास्तरांनी काही दिवस तक्रार केली, की एक पोर बाकावरून पडलं की पाच खाली जातात. मग तक्रार बंद झाली. मोठ्या शाळेत मुलं सगळं शिकतात आणि विसरायचं तेही शिकतात. मी धरून चालले की ते संपलं. बालवर्गात नवी मुलं येत, पडत, रडत, आम्ही त्यांना उचलत असू. उखाभाऊ मैदानातून बघत. मैदानावर शिट्टी वाजायची आणि मोठी पोरं रांगेत उभी राहायची. एकही पडायचं नाही.

सत्तर सालही बरंच मागे पडल्यावर ते निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ त्याच सभागृहात. मला वाटलं होतं माणसं थोडीच असतील. पण त्यांचे कवायतीतले, तालमीतले विद्यार्थी बरेच आले. मागच्या खांबाशी कमल दिसली. अमळनेरला कॉलेजात शिकत होती, हातात काठी होती, साडी नेसली होती. तिच्या आसपास आणखी काही ओळखीचे चेहरे. एकजण बेलबॉटम घालून आलेला, एक थेट शेतावरून आल्यासारखा. मी व्यासपीठाजवळ नारळ आणि शालीचं ताट धरून उभी होते.

नाव पुकारलं. उखाभाऊ निघाले. नवं धोतर, नवा सदरा, मिशा पांढऱ्या पण कंगव्यानं बसवलेल्या. पायरीवर उजवा पाय उशिरा आला, फारच उशिरा. गुडघा मुडपला आणि ते कोसळले. हात पहिले टेकले. मग तसेच बसून राहिले, पायरीखाली, सगळ्या सभेसमोर.

मागच्या बाकांवरून आताच्या हायस्कूलच्या पोरांचं हसू आलं. ते माझ्या काळजात घुसलं. इतक्या वर्षांनी, याच माणसाला, इथंच. दोन मास्तर उचलायला पुढे झाले. उखाभाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं, पण मान खालीच होती.

तेवढ्यात खांबापाशी आवाज झाला. काठी पडल्याचा. पाठोपाठ कमल. इस्त्रीच्या साडीनिशी, पाय वाकडा घेऊन, सावकाश नव्हे, धपकन. मग बेलबॉटमवाला. मग तो शेतावरचा. मग खिडकीपाशी कोणीतरी, मग दारात कोणीतरी, जे मला ओळखूही आले नव्हते. हसणं बंद झालं. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या आणि काय करावं न कळून पुन्हा बसल्या. मी ताट खाली ठेवलं आणि पडले. लाज वाटली नाही.

उखाभाऊंनी मान वर केली. सभागृहभर त्यांनी डोळे फिरवले, एकेकाला ओळखत. कोणी उठत नव्हतं. नियम होता ना. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मला वाटतं त्यांना उठायचंच नव्हतं. मग हाताचा जोर देऊन, गुडघा आवळत ते उभे राहिले, आणि म्हणाले, "उठा रे आते बठ्ठा."

पुढे दोन-तीन वर्षांत ते गेल्याचं कळलं. मला जाता आलं नाही.

निरोपाच्या त्या दिवशी मात्र मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले होते. एरंडोलकडची गाडी लागलेली होती, तिथून त्यांचं गाव जवळ. एका हातात नारळ, खांद्यावर शाल, दुसऱ्या हातात तो दुधाचा तांब्या. सदऱ्याचं वरचं बटण कमलनं निघताना लावून दिलं होतं. गाडीच्या पायरीवर चढताना मला दिसलं, नव्या धोतराला मागून सगळी धूळ लागली होती. मी म्हटलं, "भाऊ, धूळ लागलीय, थांबा, झटकते."

ते मागे न वळताच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई," आणि तशीच धूळ घेऊन आत जाऊन बसले.